राखून ठेवलेले संघ

आम्हांस फुटबॉलचें ज्ञान किती, हें आधींच सांगून टाकलेलें बरें. विद्यार्थिदशेंत एकदां गोलरक्षकाच्या जागीं उभें राहण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. त्या दिवशीं चेंडू ज्या वेगानें आमच्या रोखानें आला त्याचा विचार करतां आम्हीं त्यास जी वाट करून दिली ती शहाणपणाचीच होती, असें आमचें आजही मत आहे. त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत आमचा आणि त्या खेळाचा संबंध वर्तमानपत्राच्या शेवटल्या पानापलीकडे गेला नाहीं. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आयुष्य गेल्यामुळें लिव्हरपूल, नॉटिंगहॅम, संडरलँड हीं नांवें आमच्या ओळखीचीं होतीं, पण तीं गांवें म्हणून. त्या गांवांचे अकरा-अकरा गडी एकमेकांशीं झुंजतात आणि त्या झुंजीपायीं पुण्यांतल्या एका प्राध्यापकाची झोंप उडूं शकते, असें २०२५ च्या ऑगस्टपूर्वीं कोणी सांगितलें असतें तर आम्हीं तें हंसण्यावारीं नेलें असतें.

आमचा मुलगा मँचेस्टरला नोकरीस आहे. दर रविवारीं त्याचा फोन येतो. पहिलीं दोन वर्षें त्या संभाषणास विषय पुरत असत. पुढें पुढें "जेवण झालें का?", "थंडी किती आहे?" आणि "आईला देतों" या तीन वाक्यांवर तें येऊन ठेपलें. "मग इकडे केव्हां येतां?" हा चवथा प्रश्न तो मधूनमधून विचारी, आणि "निवृत्तीनंतर निवांत येऊं" हें ठरलेलें उत्तर आम्ही देत असूं. त्या ऑगस्टांत मात्र तो म्हणाला, "बाबा, आम्ही इथें एक खेळ सुरू करतों आहों. बत्तीस जण हवेत, एक कमी पडतो आहे. तुम्ही या ना." बापलेकांच्या बोलण्यास कांहीं नवा विषय मिळेल, एवढ्याच लोभानें आम्हीं होकार दिला.

खेळाचे नियम चार ओळींत मावतील इतके सोपे आहेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्यें वीस संघ असतात. प्रत्येक संघ बाकीच्या एकोणीस संघांशीं एकदां स्वतःच्या मैदानावर व एकदां त्यांच्या मैदानावर, असे ऑगस्टपासून मेपर्यंत ३८ सामने खेळतो. आपण प्रत्येक फेरींत एकच संघ निवडावयाचा. तो जिंकला तर आपण तगलों. हरला किंवा सामना बरोबरींत सुटला तर आपण बाद. किती गोलांनीं जिंकला यास महत्त्व नाहीं. मुख्य मेख अशी कीं, एकदां निवडलेला संघ त्या डावांत पुन्हां निवडतां येत नाहीं. सर्वांत शेवटपर्यंत जो तगेल तो विजयी. अमेरिकेंत हाच खेळ तेथल्या निराळ्या फुटबॉलवर 'सर्व्हायव्हर' या नांवानें खेळतात. आमच्या मंडळींत पैशाचा व्यवहार नव्हता. बाद झालेल्या एकतीस जणांनीं मिळून विजेत्यास मेजवानी द्यावी, एवढाच करार होता.

कोणताही खेळ खेळण्यापूर्वीं त्याचें शास्त्र समजून घ्यावें, ही आम्हां प्राध्यापकांची जुनी खोड आहे. आमच्या महाविद्यालयांत गणित शिकविणारे एक स्नेही आहेत. त्यांच्यापुढें आम्हीं हा खेळ मांडतांच त्यांनीं एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर आकडेमोड सुरू केली. "समजा, दर खेपेस तुम्हीं असा संघ निवडलात कीं त्याची जिंकण्याची शक्यता शेंकडा ७० आहे. यापेक्षां चांगला संघ रोज मिळत नाहीं. पहिल्या आठवड्यानंतर तुम्ही तगण्याची आशा शेंकडा ७०, दुसऱ्यानंतर ४९, तिसऱ्यानंतर ३४, पांचव्यानंतर १७, आणि दहाव्यानंतर तीनसुद्धां नाहीं." म्हणजे बत्तीस जणांपैकीं पांच आठवड्यांनंतर पांचसहा उरावेत आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास एखादाच. हंगाम दिसतो अडतीस फेऱ्यांचा, पण डाव बहुधा दहा फेऱ्यांतच आटोपतो. हें त्यांचें वाक्य आम्हीं वहींत उतरून घेतलें आणि, पुढें दिसेल त्याप्रमाणें, तेथेंच ठेवलें.

त्यानंतर पंधरा दिवस आम्ही या विद्येचा अभ्यास करीत होतों. त्यांतून जीं सूत्रें हातीं लागलीं तीं वाचकांच्या उपयोगी पडावींत म्हणून देतों.

पहिलें सूत्र यजमानपणाचें. या स्पर्धेंत शंभर सामन्यांपैकीं साधारण पंचेचाळीस सामने ज्याचें मैदान तो संघ जिंकतो, तिसांच्या आसपास पाहुणा जिंकतो, आणि राहिलेले बरोबरींत सुटतात. घरच्या प्रेक्षकांचा गलका हें याचें एक कारण असावें. कारण २०२०-२१ च्या हंगामांत साथीमुळें मैदानें बहुतेक ओस होतीं, आणि त्या वर्षीं यजमानांपेक्षां पाहुण्यांचेच विजय अधिक झाले. तेव्हां शक्यतों घरीं खेळणारा संघ घ्यावा.

दुसरें सूत्र असें कीं, बलवान् कोण हें पाहण्याऐवजीं दुर्बळ कोण तें पाहावें. बलवानाचा भरंवसा देतां येत नाहीं. २०२० च्या २९ फेब्रुवारीस लिव्हरपूलचा संघ वॉटफर्डला खेळावयास गेला तेव्हां हंगामांतल्या २७ सामन्यांपैकीं २६ त्यानें जिंकले होते आणि एक बरोबरींत सोडविला होता. वॉटफर्ड तळाशीं रखडत होतें. त्या सायंकाळीं वॉटफर्डनें तीन गोल केले, लिव्हरपूलनें एकही नाहीं. उलट दुर्बळ हा आपल्या दुर्बळतेशीं अधिक प्रामाणिक असतो. डर्बी कौंटीच्या संघानें २००७-०८ च्या सबंध हंगामांत एकच सामना जिंकला. खालच्या वर्गांतून नव्यानें वर आलेले तीन संघ २०२३-२४ मध्यें तिन्ही परत खालीं गेले, आणि २०२४-२५ मध्यें वर आलेल्या तिघांचीही तीच गत झाली. यावरून 'नवागताच्या विरुद्ध खेळणारा घ्यावा' हा नियम आम्हीं बांधला. तो बांधून होतो न होतो तोंच, आठ वर्षांनीं वरच्या वर्गांत परतलेल्या संडरलँडनें २०२५-२६ च्या पहिल्याच सामन्यांत वेस्ट हॅमला ३-० नें धूळ चारली. नियमांस अपवाद असतात हें व्याकरण शिकवितांना आम्ही नेहमीं सांगतों; अपवाद पहिल्याच दिवशीं येतो, हें नवें कळलें.

तिसरें सूत्र बरोबरीचें. या खेळांत पराभव आणि बरोबरी एकाच मापानें मोजतात, आणि चार सामन्यांत सुमारें एक सामना बरोबरींत सुटतो. म्हणून एकाच शहरांतल्या दोन संघांची लढत टाळावी, असें जाणते सांगतात. शेजाऱ्याशीं भांडतांना दुबळाही इरेस पेटतो. चवथें सूत्र इतरांच्या निवडीचें. बत्तिसांतले वीस जण ज्या संघामागें उभे आहेत तो जिंकला तर आपण कोणाच्या पुढें जात नाहीं. तो हरला तर मात्र जो एकटा दुसरीकडे उभा होता त्याचें नशीब उघडतें. म्हणून दोन संघ जवळजवळ सारखेच असतील तेव्हां गर्दी नसेल तो घ्यावा.

परंतु खरा अवघड प्रश्न राखण्याचा आहे. लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर सिटी, चेल्सी हे हुकमाचे पत्ते. ते पहिल्या चार आठवड्यांत उडवून टाकले तर पुढें काय खेळणार? आणि राखून ठेवले तर आज काय खेळणार? यावर आमच्या गणिती स्नेह्यांचें मत असें होतें: "आजच्या दिवशीं मोठ्या संघाची आशा शेंकडा ८० आणि मधल्या संघाची ७८ असेल तर मधला घ्या, मोठा राखा. पण ८० सोडून ६० घेऊं नका. राखण्याची किंमत आज रोख मोजावी लागते. फायदा मिळतो तो हुंडीवर, आणि हुंडी वटायला तुम्ही त्या दिवसापर्यंत टिकलेले असावे लागतां."

आम्हीं मान डोलाविली. पण मान डोलाविणें निराळें आणि स्वभाव निराळा. आम्ही ज्या घरांत वाढलों त्या घरांत चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठीं असत, आणि पाहुणे आले तरी ते तितके मोठे नाहींत म्हणून त्या कपाटांतच राहत. आंब्यांच्या अढींतला डागी आंबा आधीं खावयाचा, आणि रोज एकेक आंबा डागाळत असल्यामुळें हंगामभर डागीच आंबे खावयाचे, ही आमची बाळपणची रीत. आमच्या कपाटांत 'निवृत्तीनंतर वाचावयाचीं' म्हणून बाजूस ठेवलेलीं दीडएकशें पुस्तकें आहेत. हल्लीं त्यांतलें एखादें उघडलें कीं त्याचा टाइप आमच्या डोळ्यांस बारीक वाटतो. अशा माणसाच्या हातीं चार हुकमाचे पत्ते आल्यावर तो ते खेळेल, ही आशाच व्यर्थ होती.

पहिल्या आठवड्यांत आम्हीं टॉटनहॅम घेतलें. सामना त्यांच्या घरीं, समोर नवागत बर्नली, निकाल ३-०. दुसऱ्या आठवड्यांत आर्सेनल स्वतःच्या मैदानावर नवागत लीड्सशीं खेळणार होतें. त्याहून सोपी निवड सांपडणें कठीण. आमच्या मुलानें तीच केली, आणि आर्सेनलनें पांच गोल केले. आम्हीं आर्सेनल राखून बोर्नमथ घेतलें. तें वुल्व्हरहॅम्प्टनशीं १-० असें कसेंबसें जिंकलें. त्याच दिवशीं मँचेस्टर सिटी आपल्याच मैदानावर टॉटनहॅमकडून २-० अशी हरली आणि तिच्यावर विसंबलेले आमच्यांतले अकरा जण एकाच दुपारीं गारद झाले. बत्तिसांचे सतरा उरले, त्यांत आम्ही. आणि आमचे चारही मोठे संघ शाबूत! त्या रविवारीं फोनवर तासभर बोलणें झालें. आमची पत्नी दोनदां येऊन "मला द्या" म्हणाली आणि परत गेली.

तिसऱ्या आठवड्यासाठीं आम्हीं तक्ता मांडला. चेल्सी घरीं होती, पण समोर शेजारचें फुलहॅम, तें टाळलें. मँचेस्टर युनायटेड घरीं नवागत बर्नलीशीं खेळणार होतें; मुलानें तें घेतलें. आम्हीं नॉटिंगहॅम फॉरेस्टवर बोट ठेवलें. आदल्या हंगामांत सातवें आलेलें फॉरेस्ट, घरचें मैदान, आणि समोर पहिले दोन सामने ३-० आणि ५-१ असे गमावून बसलेलें वेस्ट हॅम. आमचीं सूत्रें या निवडींत ओळीनें बसत होतीं, आणि चारही हुकमाचे पत्ते पुन्हां हातांतच राहत होते. दहाव्या आठवड्यांत कोणता, बाराव्यांत कोणता, याचीसुद्धां टिपणें आम्हीं करून ठेवलीं होतीं.

तो रविवार ३१ ऑगस्टचा. त्याच दिवशीं घरीं गौरी आल्या. सामना आपल्या घड्याळाप्रमाणें सायंकाळीं साडेसहास सुरू झाला. गौरींना साड्या नेसविण्याचें काम चाललें होतें, आणि आम्ही आरास बांधण्याच्या मिषानें एका कोपऱ्यांत फोन घेऊन बसलों होतों. आठ वाजत आले तरी ०-०. तेवढ्यांत पत्नीनें हांक मारली, "अहो, हें दुसरें टोक धरा जरा." तिच्या हातांत पैठणी होती. मुलाच्या मुंजीच्या वेळीं येवल्याहून आणविलेली. मुंजींत नेसली, त्यानंतर एका लग्नांत, आणि मग मलमलीच्या फडक्यांत बांधून ट्रंकेच्या तळाशीं गेली. यंदां थोरल्या गौरीस ती नेसवावी असें तिच्या मनांत आलें होतें. आम्हीं एक टोक धरलें, तिनें दुसरें धरून घडी उलगडली, आणि घडीच्या रेघेवर रेशीम हातभर उसवत गेलें. आवाज असा झालाच नाहीं. वर्षानुवर्षें एकाच घडीवर राहिलेलें रेशीम आणि जर तेथेंच विरतें, हें तिला ठाऊक होतें. घड्या मोडावयाच्या राहून गेल्या होत्या.

ती कांहीं वेळ तें पाहत राहिली. मग म्हणाली, "याच्या लग्नांत नेसेन म्हणून ठेवली होती."

आम्हांस उत्तर सुचेना. पैठणी पाटावर ठेवून आम्ही उगाच कोपऱ्यांत गेलों. ८४ व्या मिनिटास वेस्ट हॅमनें पहिला गोल केला होता, ८८ व्यास दुसरा, आणि आम्ही पाहत असतांनाच तिसरा झाला. आम्ही बाद झालों. लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर सिटी, चेल्सी हे चारही संघ अंगाला धूळ न लागतां आमच्यापाशीं होते, आणि आतां त्यांचा उपयोग कांहीं नव्हता.

रात्रीं मुलाचा फोन आला. "बाबा, तुम्हीं बाराव्या आठवड्याची तरतूद केलीत. तिसरा तेवढा राहिला." तो हंसत होता; आम्हीही हंसलों. मग आम्हीं त्यास पैठणीची हकीकत सांगितली. बराच वेळ पलीकडून कांहीं ऐकूं आलें नाहीं. शेवटीं त्यानें एवढेंच विचारलें, "आईचा गुडघा कसा आहे?" हा प्रश्न त्यानें यापूर्वीं विचारला नव्हता असें नाहीं. पण "निवृत्तीनंतर निवांत येऊं" हें वाक्य त्या रात्रीं आमच्या तोंडून निघेना. निवृत्तीस अद्याप चार वर्षें होतीं. गुडघ्यास तितकीं होतीं कीं नाहीं हें आम्हीं कोणत्याही तक्त्यांत मांडलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं पूजनाच्या वेळीं गौरीस दुसरी साडी होती. पैठणी आमच्या पत्नीच्याच अंगावर होती. रात्रीं उशिरापर्यंत जागून तिनें मागच्या बाजूनें रेशमाचे टांके घातले होते, आणि उरलेली चीर निऱ्यांत गेली होती. "गौरीला फाटकें कसें नेसवायचें? मला चालतें," असें तिनें सर्वांस सांगितलें.

एवढ्यावर 'राखूं नये, उधळावें' असा बोध काढून मोकळें व्हावें, असें आमच्याही मनांत आलें होतें. पण पुढील फेरीनें तोही टिकूं दिला नाहीं. आमच्या मुलानें पहिल्या तीन आठवड्यांत लिव्हरपूल, आर्सेनल आणि युनायटेड असे मोठे संघ एकामागून एक खेळून टाकले होते. त्यांतही युनायटेडचा विजय अगदीं अखेरच्या क्षणीं मिळालेल्या पेनल्टीचा. १३ सप्टेंबरला त्यानें चेल्सी घेतली. ब्रेंटफर्डच्या मैदानावर ती २-१ अशी पुढें असतां सामन्याची वेळ भरल्यावर ब्रेंटफर्डनें गोल केला आणि सामना बरोबरींत सुटला. उधळणाराही राखणाऱ्यानंतर अवघी एक फेरी टिकला. म्हणजे शेवटीं दोघेही दैवाच्याच हातीं. आम्हीं त्यास विचारलें, "वाईट वाटलें का?" तो म्हणाला, "थोडें. पण चांगले होते ते बहुतेक खेळून झाले होते, बाबा." आमच्या आणि त्याच्या पराभवांत एवढाच काय तो फरक होता. तो लहान आहे असें आम्ही बरेच दिवस स्वतःस समजावीत होतों. तो लहान नाहीं.

दिवाळीच्या सुटीस जोडून आम्हीं रजेचा अर्ज दिला. इतक्या वर्षांत आम्हीं रजा साठवीतच आलों असल्यामुळें कचेरींतल्या कारकुनानें अर्ज दोनदां वाचला आणि "सर, सगळें ठीक आहे ना?" म्हणून विचारलें. ऑक्टोबरांत आम्ही उभयतां मँचेस्टरला गेलों. एके दिवशीं मुलानें गाडी काढून आम्हांस ग्रासमिअरला नेलें. वर्डस्वर्थ १७९९ पासून १८०८ पर्यंत तेथें ज्या लहानशा घरांत राहिला त्या घराविषयीं आम्हीं वर्गांत तीस वर्षें व्याख्यानें दिलीं आहेत. तें घर इतकें ठेंगणें आणि अंधारें असेल असें मात्र आमच्या एकाही व्याख्यानांत आलें नव्हतें. वरच्या मजल्याच्या अरुंद जिन्यापाशीं पत्नी थांबली. "तुम्ही बघून या. मी इथें बसतें," ती म्हणाली. पांच वर्षांपूर्वीं आलों असतों तर ती आमच्या आधीं वर चढली असती. आम्हीं वरच्या खोल्या पाहिल्या खऱ्या, पण लवकर खालीं आलों.

परत निघण्याच्या आदल्या दिवशीं विजेत्यास मेजवानी झाली. जिंकलेल्या बाईंस फुटबॉलचें ज्ञान आमच्याहून फारसें अधिक नव्हतें, असें त्यांनीं आपण होऊन सांगितलें. त्यामुळें आमच्या सूत्रांची वही आम्हीं खिशांतून काढली नाहीं. बाद झालेल्या एकतिसांच्या वतीनें आमच्या पत्नीनें पुरण शिजविलें, आणि पोळ्या लाटावयास ती पैठणी नेसूनच उभी राहिली. तिच्यावर पीठ सांडत होतें. आम्ही तें सांगावयास पुढें झालों, आणि न सांगतां पोळ्या वाढावयास घेतल्या.